दिवेलागणीच्या आत

"भीमरावांनी आज तोंडावर विचारलं, तर काय सांगणार आहात?"

टांगा कॉलेजचा उतार उतरत होता, तेव्हा लीलाने हे विचारलं. तिच्या मांडीवर आवळ्या-चिंचांची टोपली होती आणि वर झेंडूच्या दोन माळा.

"आधी विचारू तर देत."

"विचारणारच की. हुबळीहून येतायत ते काय आपल्या तुळशीचं लग्न बघायला? तुळस हुबळीतही आहे."

"मग सांगीन."

"काय सांगाल?"

जयतीर्थ मास्तरांनी टांगेवाल्याला कन्नडमध्ये सांगितलं, जरा लवकर हाण बाबा, ऊन उतरायला लागलं.

आता हे प्रकरण कुठवर आलं होतं ते एकदा नीट सांगितलेलं बरं, कारण माळमड्डीतल्या भावाच्या घरात जो तो आपल्या सोयीचा तेवढाच भाग सांगत होता. हुबळीच्या रेल्वे संघाला दर वर्षी मास्तरांच्या कॉलेजातला एक खेळाडू हवा असे. मास्तर नाव सांगत, रेल्वे त्या मुलाला संघात घेई आणि पोटापाण्यासाठी मालगाडीच्या गार्डाची नोकरी देई. यंदा सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की नाव श्रीकांतचं निघणार. श्रीकांत म्हणजे मास्तरांच्या थोरल्या भावाचा, राघवेंद्रराव वकिलांचा, एकुलता मुलगा. क्रिकेटात पहिला, हॉकीत पहिला, आणि शिवाय घरचा. संघाचे चिटणीस भीमराव यांनी तर आपली शांताही त्यालाच द्यायची ठरवून टाकली होती. आणि मास्तरांनी नाव सांगितलं गणपतचं, कमरीपेठेतल्या शिंप्याच्या मुलाचं. भीमरावांना वाटलं, काहीतरी घोटाळा आहे. म्हणून ते स्वतः येत होते.

घोटाळा होताच. तो जगात तिघांना माहीत होता: मास्तरांना, त्यांच्या बायकोला लीलाला आणि श्रीकांतला.

सूर्य मावळला की मास्तरांना दिसत नसे. दिव्याच्या उजेडात जेवढं पडेल तेवढं दिसे, त्यापलीकडं काही नाही. ऐन उमेदीत त्यांचं पुण्याच्या एका मोठ्या सामन्यासाठी नाव निघालं होतं. सगळं धारवाड स्टेशनवर पोचवायला जाणार होतं, आणि हे गेलेच नाहीत. "प्रवासात सायंसंध्या चुकते," म्हणाले. लोक आधी हसले. मग हा पोरगा खरंच रोज दिवेलागणीच्या आत हातपाय धुऊन देवापुढं बसतो आणि जेवायची हाक येईपर्यंत हलत नाही, हे बघून हात जोडायला लागले. माध्वांच्या गावात असली गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागणार? मठातले बाळाचार्य तर प्रवचनात दाखला द्यायचे, खेळाडू असावा तर असा. दुसऱ्या एखाद्या गावात कुणीतरी विचारलं असतं, काय रे, डोळ्यांना काही झालंय का तुझ्या? इथं लोकांनी त्याच्या नावावर पुण्य जमा केलं आणि मोकळे झाले.

खेळणं संपलं, पण खेळ सुटला नाही. कॉलेजने त्यांना जिमखान्यावर घेतलं आणि मास्तरांनी त्या लाल मातीच्या मैदानावर आयुष्य काढलं. त्यांची शिकवायची तऱ्हा न्यारी होती. एकच खेळ खेळणाऱ्या मुलाला ते उभंच करत नसत. हॉकीवाल्याला आधी खोखोत बसवायचे, वळायला शिक म्हणून. क्रिकेटवाल्याला मल्लखांबावर चढवायचे, बोटांना पकड येऊ दे म्हणून. हुतूतूचा दम सगळ्यांनाच. गळ्यात कायम एक पितळी शिट्टी, सणाच्या दिवशीही सदऱ्याच्या आत. आणि दोन नियम, ज्यांना अपवाद नव्हता. सूर्य टेकडीला टेकला की मैदान बंद. आणि शिट्टी झाली की जो जिथं असेल त्यानं तिथंच थांबायचं, पाय उचलला असेल तर उचललेलाच ठेवायचा.

गेल्या थंडीत खोखो जरा लांबला. श्रीकांतला खो मिळाला, तो उठला आणि सरळ पळत जाऊन बसलेल्या मुलाच्या अंगावर आदळला. पोरं हसली. मास्तर हसले नाहीत. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी लीलाला एवढंच सांगितलं, "आपल्या घरात आणखी एक निघाला." लीलाला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपल्याला मूल झालं नाही ते एका परीनं बरंच झालं. असं वाटल्याचा तिला अजून राग येत होता.

"त्यांना सगळं सांगून टाका," ती आता म्हणाली. "किती दिवस झाकणार?"

"सांगितलं तर पोराचं लग्न मोडतं. माझं मैदान जातं. आंधळा मास्तर कोण ठेवेल?"

"आणि नाही सांगितलं तर भाऊ जातो."

टांगा माळमड्डीच्या वळणावर आला. मास्तर मावळतीकडं बघत होते.

*

राघवेंद्ररावांना वाट बघायची सवय नव्हती. वाट अशिलांनी बघायची असते. आज मात्र ते दुपारपासून सोप्यावर येरझाऱ्या घालत होते. धाकटा दारातून आत आला, तेव्हा त्यांनी बसही म्हटलं नाही.

"तुझ्या संध्येला अजून वेळ आहे ना? मग बोलून घेऊ."

"बोल अण्णा."

"मी वकील आहे. उलटा निकाल मला पचतो, पण त्याला कारण लागतं. गणपत श्रीकांतपेक्षा चांगला खेळतो?"

"नाही."

"मग?"

"गार्डाचं काम श्रीकांतला मानवणार नाही."

"तू खेळाचा मास्तर, नोकरीचं तुला काय करायचंय? रेल्वेच्या डॉक्टरांनी तपासलाय त्याला. भर दुपारी खिडकीपाशी उभा करून अक्षरांचा तक्ता वाचायला लावला, शेवटची ओळसुद्धा वाचली त्यानं. छाती उत्तम, डोळे उत्तम. आता तूच एक राहिलास खोट काढायला."

"अळणावर स्टेशनच्या पुढं जंगल आहे, अण्णा. मालगाडी घाटात थांबली की गार्डाला कंदील घेऊन उतरावं लागतं, रुळांवरनं मागं चालत जाऊन धोक्याची खूण करावी लागते. मध्यरात्री, पावसात."

"मग? माझा मुलगा काय भित्रा आहे?"

मास्तर गप्प राहिले. आणि हे गप्प राहणंच राघवेंद्ररावांना सहन होईना. भांडणारा माणूस त्यांना चालला असता.

"सोमवारी कॉलेजच्या कौन्सिलची बैठक आहे, ठाऊक आहे ना? मद्रासहून व्यायामाची पदवी घेऊन आलेला एक जण अर्ज करून बसलाय. तुझ्याकडं काय आहे? इंटर नापास. आजवर दर वेळी मी उठून बोललो म्हणून तू आहेस. या सोमवारी मी तुझ्याविरुद्ध एक शब्द काढणार नाही. नुसता गप्प बसेन, तुझ्यासारखा."

म्हणून झालं आणि त्यांनी जीभ चावली. आपली जीभ कशी आहे ते त्यांना माहीत होतं. कॉलेजात जायच्याही आधी, रायापूरच्या मळ्यावर राहत होते तेव्हा, एका संध्याकाळी ही जीभ अशीच सुटली होती. बैल रानात राहिला होता आणि अप्पा, त्यांचे वडील शेषगिरीराव, नेहमीसारखे दिवे लागताच देवापुढं जाऊन बसले होते. "काम निघालं की तुम्हाला बरा देव आठवतो," असं राघवेंद्र म्हणाला होता. अप्पा एक शब्द न बोलता उठले आणि रानाकडं गेले. सकाळी ते मळ्याच्या विहिरीत सापडले. पोराचं बोलणं लागलं, जीव दिला, असं रायापुरात सगळे म्हणाले. घरात कुणी म्हणालं नाही, पण त्या दिवसापासून घरात कुणी अप्पांचं नावही मोठ्यानं घेतलं नाही.

"अण्णा, मला कामावरनं काढलं तरी मी नाव बदलणार नाही," मास्तर म्हणाले.

"बरं," राघवेंद्रराव म्हणाले आणि आत गेले.

*

स्वयंपाकघरात लीला आवळ्यांचे दिवे करत होती. आवळा वरून कोरायचा, आत तूप, त्यात वात. राघवेंद्ररावांची बायको जयलक्ष्मी पुरण वाटत होती आणि वाटता वाटता बोलत होती. बोलणं पाट्याला उद्देशून चाललं होतं.

"घरचं पोर टाकायचं आणि शिंप्याचं वर काढायचं. लोक विचारतात मला, काय हो, भावाभावांत काही बिनसलंय का. काय सांगू मी?"

"वहिनी, त्यांचं काहीतरी कारण असेल."

"कारण मला कळतं, लीला. स्वतःच्या पोटी नसलं की दुसऱ्याचं वर आलेलं बघवत नाही."

लीलाच्या हातातली सुरी आवळ्यात अडकली. सगळं ओठांवर आलं होतं तिच्या. नणंदेनं, अंबूताईंनी मधे बोलावं म्हणून तिनं त्यांच्याकडं बघितलं. अंबूताई या भावांची थोरली बहीण, नवऱ्यामागं माहेरी आलेल्या, घरात त्यांचा शब्द शेवटचा. जयतीर्थाचा त्यांना फार अभिमान. त्याच्या सायंसंध्येची गोष्ट त्यांनीच गावभर केली होती.

"जयलक्ष्मी, सुम्म, गप बस," अंबूताई म्हणाल्या, "सणाच्या दिवशी असलं बोलू नये." मग लीलाकडं वळून म्हणाल्या, "पण खरं सांगू का तुला? या वेळी माझंही मन त्याच्यावरनं उडालंय. देवापुढं एवढा बसतो तो, आणि भावाच्या लेकरासाठी एक शब्द काढवत नाही त्याला? मग बसून उपयोग काय?"

लीलानं पुढचा आवळा घेतला.

*

श्रीकांत परसात वृंदावनाभोवती उसांचा मांडव बांधत होता. परस लांबरुंद होतं. अलीकडं फरशी आणि तुळस, पलीकडं गोठा, आणि त्याच्याही पलीकडं आड. आडाचा कठडा गुडघ्याएवढाच. काका जवळ येताना त्याला पावलांवरनं कळलं. ही युक्ती काकांनीच शिकवली होती.

"काका, उजेड आहे तोवर बोलून घेतो. मला नोकरी पाहिजे."

"माहीत आहे."

"मला शांताही पाहिजे. भीमराव दुसरीकडं देतील तिला. मोठा शहाणपणा करून तुम्ही माझं सगळं मोडताय."

"श्रीकांत, तुला पाच हातांवरचा माणूस दिसत नाही रात्री."

"कंदील असतो की गार्डाकडं. आणि सवय होते. तुम्ही इतकी वर्षं निभावलंत, कुणाला पत्ता लागला? मग मी का नाही निभावणार?"

"मी चेंडू चुकलो तर चौकार जातो, बाळ. तू चुकलास तर मागनं गाडी येते. तिच्यातही माणसं असतात."

श्रीकांतनं सुतळीची गाठ करकचून ओढली. उसाचं पान त्याच्या बोटाला कापून गेलं.

"तुम्हाला मैदान मिळालं. लोक पाया पडतात तुमच्या. मला काय मिळणार? बापाच्या हाताखाली कारकुनी, आणि लोकांनी म्हणायचं, काकानंसुद्धा ज्याला नापास केलं तो." त्याचा आवाज फुटला. "निदान कारण तरी सांगू नका कुणाला. एवढं कराल? कारण कळलं तर शांताच काय, कुणीच मला मुलगी देणार नाही."

"तुझं कारण माझ्या तोंडून निघणार नाही," मास्तर म्हणाले. "शब्द देतो."

हा शब्द त्यांनी दिला तेव्हा ऊन गोठ्याच्या कौलांवर गेलं होतं.

*

भीमराव आले ते टोपी काढून, पाय धुऊन, अगदी घरच्यासारखे येऊन बसले. माणूस साधा आणि गोड होता, त्यामुळं सगळंच अवघड झालं. तुळशीचं लग्न गोरज मुहूर्तावर लागलं. बाळकृष्णाची मूर्ती आणि वृंदावन यांच्यामध्ये अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. आवळ्यांचे दिवे फरशीवर ओळीनं तेवत होते. अंबूताईंनी सगळ्यांच्या हातावर चिंच-आवळ्याचा प्रसाद ठेवला. त्यांना एक गोष्ट खटकली: आज जयतीर्थ संध्येला आत गेला नव्हता. वृंदावनाला टेकून उभा होता, दिव्यांच्या उजेडात.

"मास्तर," भीमराव म्हणाले, "मला आडून बोलता येत नाही. गणपत चांगलाच आहे, त्याला पुढच्या वर्षी घेऊ. यंदा मला श्रीकांत पाहिजे. साहेब म्हणाले, मास्तरांच्या तोंडून ऐकून या. तुम्ही हो म्हणा, मी आत्ता इथं तुळशीपुढं साखर वाटतो."

"नाही म्हणतो मी, भीमराव. क्षमा करा."

जयलक्ष्मीनं पदर तोंडाला लावला. राघवेंद्रराव पुढं आले.

"सगळ्यांसमोर कारण सांग, जयतीर्थ. आज तुला गप्प बसू देणार नाही मी. माझ्या पोरात काय खोट आहे?"

"तुझ्या पोराबद्दल मी काही बोलत नाहीये."

"मग कुणाबद्दल?"

मास्तरांनी सदऱ्याच्या गळ्यातनं शिट्टीची दोरी चाचपली. श्रीकांत उसाला धरून उभा होता, त्याच्याकडं त्यांनी बघितलं नाही.

"माझ्याबद्दल. अण्णा, रात्री मला दिसत नाही. पुण्याला गेलो नाही ते त्यामुळं. रोज देवापुढं बसतो ते त्यामुळं. दिवसा मी मैदानात काय ते बघतो, त्यापलीकडं पोरांची पारख करायचा मला अधिकार नाही. माझ्या शब्दावर कुणी माणूस नेमू नये. एवढंच कारण."

राघवेंद्रराव हसले. कोर्टात साक्षीदार खोटं बोलतो तेव्हा ते असेच हसत.

"वा. गणपतच्या वेळी अधिकार होता, श्रीकांतच्या वेळी गेला? आणि दिसत नाही म्हणे. इतकी वर्षं दिसत नव्हतं आणि घरात कुणाला कळलं नाही? हे सोंग त्या देवापुढच्या सोंगापेक्षा मोठं आहे. काम टाळायचं झालं की तुला बरा..."

ते मधेच थांबले. पुढचा शब्द त्यांच्या ओळखीचा होता.

"चालून दाखवतो," मास्तर म्हणाले, आणि दिव्यांची ओळ ओलांडून अंधारात उतरले.

फरशीच्या खाली एक पायरी होती. ती त्यांना कळली नाही. ते तोल जाऊन पुढं गेले, सावरले आणि चालू लागले. उजवा हात पुढं, पाऊल जमिनीवरनं घासत. थोडं जाऊन त्यांचा गुडघा गुरांच्या दगडी डोणीवर आपटला आणि ते तिच्यावर आडवे पडले. लीला "अहो" म्हणून धावली, पण तिच्याआधी दुसरंच कुणी धावलं होतं.

श्रीकांत. काका पडल्याचा आवाज ऐकला आणि पोराला कशाची शुद्ध राहिली नाही. नोकरी, शांता, शब्द, सगळं विसरून तो अंधारात घुसला. "काका, कुठं आहात?" त्याचाही उजवा हात पुढं, पाऊल घासत. डोण डावीकडं होती, तो उजवीकडं चालला. फरशीवरच्या सगळ्यांना चांदण्यात स्वच्छ दिसत होतं, कार्तिकातली द्वादशी होती ती. काका इथं समोर पडलेले, आणि हा त्यांना हाका मारत भलतीकडंच निघालेला, आडाच्या दिशेनं.

राघवेंद्ररावांच्या तोंडून शब्द फुटेना. ते पळायला लागले, पण अंतर फार होतं. श्रीकांतचा पाय आडाजवळच्या तांब्याच्या घागरीला लागला आणि घागर वाजली.

त्या आवाजाबरोबर शिट्टी झाली.

श्रीकांत जागच्या जागी थांबला. एक पाऊल उचललेलं होतं, ते उचललेलंच राहिलं. कठडा त्याच्या पुढं हातभरही नव्हता. राघवेंद्ररावांनी मागनं त्याला कवेत धरलं आणि तसेच खाली बसले.

"धरलाय का कुणी त्याला?" डोणीपाशी पडूनच मास्तर विचारत होते. "लीला, कुणी धरलाय का? मला दिसत नाही, कुणीतरी बोला रे."

"धरलाय," लीला म्हणाली. "भावोजींनी धरलाय."

भीमराव उभे होते. रेल्वेत आयुष्य काढलेला माणूस, त्यांना आणखी काही सांगावं लागलं नाही. त्यांनी टोपी घातली, प्रसादाचा आवळा रुमालात बांधला, आणि जयलक्ष्मीला नमस्कार करून म्हणाले, "वहिनी, गणपतलाच घेतो आम्ही. शांताचं मी काही बोलत नाही आज. बापाचा जीव आहे, विचार करावा लागेल." ते गेले तेव्हा त्यांना दारापर्यंत पोचवायलाही कुणी उठलं नाही.

अंबूताई मात्र दिव्यांपाशी तशाच उभ्या होत्या. त्या कुणाकडं बघत नव्हत्या.

"अप्पा असेच चालायचे," त्या म्हणाल्या. "हात पुढं धरून. रायापूरला संध्याकाळी परसाकडं जायचं तर मला हाक मारायचे, अंबू, हात दे ग. मला वाटायचं लाडानं म्हणतात. राघू, त्यांनी जीव नाही दिला रे. त्यांना विहीर दिसलीच नाही."

*

आत समईपाशी लीलानं मास्तरांच्या गुडघ्याला हळद लावली. राघवेंद्रराव उंबऱ्यात बसून भावाला म्हणाले.

"तुला केव्हा कळलं? अप्पांचं."

"पुण्याचं नाव निघालं तेव्हा मी मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेलो होतो. औषध नाही म्हणाले. मग त्यांनी विचारलं, घराण्यात आणखी कुणाला होतं का?"

"म्हणजे इतकी वर्षं."

"हो."

"मी अप्पांना मारलं असं समजून मी जगतोय. दर वर्षी श्राद्धाला पिंड ठेवताना मला मान वर करवत नाही, तू शेजारी बसलेला असतोस, बघत असतोस. आणि तुला माहीत होतं."

"सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, तुला कसं कळलं. मग मैदान गेलं असतं."

"माझ्या साऱ्या जन्मापेक्षा तुझं मैदान मोठं होतं?"

मास्तरांनी नाही म्हणावं असं लीलाला फार वाटलं.

"होतं," मास्तर म्हणाले. "तेवढंच होतं माझ्याजवळ."

राघवेंद्रराव रडले नाहीत. रडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तरी मीच धाडलं त्यांना. जीव दिला असता तर निदान त्यांच्या मनानं गेले असते. दिसत नसलेल्या माणसाला मी रात्री रानात धाडलं. आणि आज तुला. आणि उद्या पोराला धाडणार होतो, साखर वाटून." श्रीकांत कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसला होता. त्याच्या पाठीवर हात ठेवायला राघवेंद्रराव उठले. त्यानं तो झटकला नाही, पण वळूनही बघितलं नाही.

"आम्ही निघतो," मास्तर म्हणाले. सणाला ते नेहमी मुक्कामाला राहत. आज कुणी राहा म्हटलं नाही.

दाराबाहेर आल्यावर लीलानं त्यांचा हात धरला. मागनं चपला वाजल्या. राघवेंद्रराव कंदील घेऊन आले होते. त्यांनी कंदील लीलाच्या हातात दिला आणि भावाचा दंड आपल्या हातात घेतला. पकड घट्ट होती, दुखेल इतकी.

"अण्णा, सोमवारी कौन्सिलात खरं ते सांगून टाक. दुसऱ्याच्या तोंडून बातमी जाण्यापेक्षा तुझ्या तोंडून जाऊ दे. उद्या तुला लपवावं लागायला नको."

"सोमवारचं सोमवारी."

"तुझा राग गेलेला नाही."

"नाही. जाईलसं वाटतही नाही," राघवेंद्रराव म्हणाले. "सुम्म चाल. पुढं पायरी आहे, पाय उचल."

मास्तरांनी पाय उचलला.

"आता गटार आहे. लांब टाक."

त्यांनी लांब टाकला. रस्ताभर असंच चाललं. दगड आला की राघवेंद्रराव दगड म्हणत, खड्डा आला की खड्डा. कॉलेजच्या चढाला लागल्यावर त्यांचा आवाज इतका बारीक झाला की तो लीलाला ऐकू येईना. मास्तरांना येत होता.